अंघोळ नको म्हणणारा बाप

पोराने डिलिव्हरीची गाडी बसथांब्यावरच्या माणसांवर घातली, तेव्हा त्याच्या आत्याचा नवरा दवाखान्याच्या तळघरात चादरी धूत होता. वरच्या मजल्यांवरचे मळके कपडे खाली यायला भिंतीत पत्र्याचा रुंद पाइप होता. त्या दुपारी त्यातून गाठोडी येतच राहिली. त्याने हातमोजे चढवले आणि थंड पाणी सोडलं, कारण गरम पाण्यात रक्त कपड्यात बसतं. वर काहीतरी मोठा अपघात झालाय, एवढंच मुकादम म्हणाला होता. एक म्हातारं जोडपं गेलं होतं, शाळेतून घरी निघालेली एक मुलगी गेली होती आणि याच दवाखान्यातली एक नर्स, ड्यूटी संपवून बसची वाट बघणारी. तिचा कात्रीने कापलेला गणवेश चुकून त्याच गाठोड्यांत आला. तोही त्याने धुतला. संध्याकाळी घरी येऊन टीव्ही लावला, तर पडद्यावर पोराचा फोटो होता.

या माणसाला सगळी वस्ती धुलाईचाचा म्हणायची. दिवसा दवाखान्याचे कपडे धुवायचे आणि वस्तीत कोणी पुरुष माणूस गेला की त्याला शेवटची अंघोळ घालायची, अशी त्याची दोन कामं. पहिल्याचा पगार मिळायचा, दुसऱ्याचा तो चहासुद्धा घेत नसे. कमी बोलणारा, जेवायला बसल्यावर मीठसुद्धा न मागणारा माणूस. त्याची कसर बायको भरून काढायची. तिला सगळे आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत आणि तिच्या जिभेला सगळे भीत. सख्खी आपा ती एकाचीच होती, धाकट्याची. या धाकट्या भावाला तिने मागे लागून या देशात आणला, कामाला लावला, त्याचं लग्न लावलं. त्याची बायको लवकर गेली, तेव्हा त्याचं पोर आपाच्या स्वयंपाकघरात वाढलं. आपाला स्वतःचं मूल नव्हतं. जे काय लाड करायचे ते तिने या भाच्याचे केले.

आता या भाच्याच्या नावाने जग थुंकत होतं. चाकू घेऊन तो पोलिसांच्या अंगावर धावून आला म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या, असं पोलीस सांगत होते. इंटरनेटवरचे त्याचे ते दाढीवाले दोस्तही हेच सांगत होते, फक्त छाती फुगवून: वाघासारखा धावून गेला म्हणे. ही दोन टोळकी एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण पोरगं निधड्या छातीचं होतं यावर दोघांचं एकमत होतं. पोलिसांना तसा राक्षस हवा होता आणि दोस्तांना तसा वीर. झुरळ निघालं की खुर्चीवर चढणारं पोर होतं ते, हे आपाला माहीत होतं, पण आपाला विचारतो कोण.

पोलिसांनी धाकट्याच्या घरातल्या गाद्या फाडल्या, त्याला बरेच दिवस आत ठेवलं आणि काही सापडेना तेव्हा सोडलं. मग एके दिवशी निरोप आला, प्रेत घेऊन जा. दफनाला कुठल्या तरी कोपऱ्यातली जागा दिली होती, खुणेचा दगडसुद्धा लावायचा नाही या अटीवर. मशिदीत मय्यतीला अंघोळ घालायची खोली होती. सेक्रेटरी म्हणाला, तिथला नळ बिघडलाय. आपा म्हणाली, मी प्लंबर घेऊन येते. सेक्रेटरी म्हणाला, प्लंबरचं काम नाही, आतली पाइपलाइनच गेली आहे. वर्षानुवर्षं चाचाला "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून वस्तीची लाज राहते" म्हणणारे सगळे त्या आठवड्यात कुठे ना कुठे पाहुणे म्हणून गेले होते.

"मी सरकारी शवागारातच घालतो अंघोळ," चाचा म्हणाला. "परवानगी मागितली आहे. देतायत."

आपाच्या स्वयंपाकघरात तिघंच बसले होते. धाकटा इतके दिवस एक शब्द बोलला नव्हता, डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. त्याने एकदम मान वर केली.

"अंघोळ घालायची नाही."

आपाला वाटलं, बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. पण डोकं फिरलं नव्हतं. कोठडीतून सुटल्यावर पोराच्या त्या दोस्तांनी त्याला गाठलं होतं, पुन्हा पुन्हा गाठलं होतं, आणि बुडणाऱ्याच्या हातात द्यावं तसं काहीतरी त्याच्या हातात दिलं होतं.

ते काय, हे समजायला मुसलमानांचा एक नियम माहीत हवा. मेलेल्या प्रत्येक माणसाला अंघोळ घालायची असते. चोराला, दारुड्याला, खुन्यालाही. कोणीच घातली नाही तर पाप सगळ्या वस्तीवर. एकच माणूस त्यातून सुटतो: जो खऱ्या जिहादात, रणात लढताना पडला तो. त्याला धुवायचं नाही. त्याच अंगावरच्या कपड्यांत, त्याच रक्तासकट पुरायचं, कारण त्याचं रक्तच उद्या त्याची साक्ष देणार असतं. म्हणजे अंघोळ घातली की तो शहीद नाही हे ठरलं. कुठल्याही भाषणाशिवाय, एका बादलीने.

"त्याला तसाच राहू द्या, भाईजान," धाकटा म्हणाला. "मी तुमच्यापाशी दुसरं काही मागत नाही."

"तो शहीद आहे म्हणतोस?"

"मला माहीत नाही. पण तुम्ही पाणी घातलंत की तो नाही, हे पक्कं होईल."

"ते पक्कंच आहे." चाचाने पेला खाली ठेवला. "जिहादाला नियम असतात, बाबा. आईबापाची परवानगी लागते. तुला विचारलं होतं का त्याने?"

धाकट्याने मान फिरवली.

"बाईला मारायचं नाही, पोराला नाही, म्हाताऱ्याला नाही. फळाचं झाड तोडायचं नाही. ज्यांच्या आसऱ्याने राहतो त्यांच्याशी दगा नाही. त्याने बसची वाट बघणारी माणसं मारली. त्या पोरीच्या पाठीवर दप्तर होतं रे."

"मग तो जहन्नममध्ये गेला, असं म्हणा ना तोंडाने!"

"ते ठरवणारा मी कोण? मी अंघोळ घालणारा आहे. गुन्हेगाराला घालतात तशी त्याला घालीन आणि त्याच्यासाठी माफी मागीन. तू त्याला शहीद केलास तर त्याच्यासाठी माफी कोण मागणार? शहिदाला माफीची गरजच नसते."

हे बोलणं खरं तर मायेचं होतं. पण चाचाला माया दाखवता येत नसे, त्याच्या तोंडून ती नियमासारखीच बाहेर पडायची. धाकट्याला त्यात फक्त निकाल ऐकू आला. आपा दोघांच्या मध्ये बसली होती आणि तिला दोघांचाही राग येत होता, पण जास्त भावाचा आला, कारण त्याला ती हक्काने रागवू शकत होती.

"तीन घरं उजाड केली त्याने आणि तुला त्याचे कपडे बदलायचे नाहीत होय? ऊठ, तोंड धू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शवागाराच्या दारात धाकट्याने चाचाचे पाय धरले. अक्षरशः दोन्ही हातांनी, पायरीवर बसून. चाचाच्या एका हातात बादली होती, दुसऱ्यात कापूर आणि पांढऱ्या कापडाची पिशवी. आपा मागे उभी होती. रस्त्याच्या पलीकडे कॅमेरेवाले होते. चाचाने हळूच पाय सोडवून घेतले आणि आत गेला. सोबत यायला कोणी नव्हतं म्हणून एकट्याने केलं. बेवारस मुडद्यालासुद्धा कुशीवर वळवायला एरवी दोन माणसं मिळतात. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तेव्हा बाह्या खांद्यापर्यंत भिजल्या होत्या आणि धाकटा निघून गेला होता. दफनाला तो आला, लांब उभा राहिला, मातीसुद्धा टाकली नाही.

तोच फोटो सगळीकडे छापून आला: पायरीवर कोसळलेला बाप आणि त्याला ओलांडून बादली घेऊन आत जाणारा दाढीवाला माणूस. खाली लिहिलं होतं, 'दवाखान्याच्या कर्मचाऱ्याकडून मारेकऱ्याचा अंतिम सन्मान'. ज्या नर्सचा गणवेश चाचाने धुतला होता तिच्या वॉर्डमधल्या बायकांनी सही करून अर्ज दिला, की या माणसाने धुतलेल्या चादरी आम्ही वापरणार नाही. त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांची मैत्रीण गेली होती. चाचाला घरी बसवलं आणि चौकशी लावली.

आता या चौकशीवर काय अवलंबून होतं ते सांगायला हवं. चाचाचा या देशात राहायचा परवाना नोकरीला बांधलेला होता आणि आपाचा चाचाला. नोकरी गेली की दोघांनी देश सोडायचा, महिन्याच्या आत. आणि जायचं कुठे? ज्या गावातून तरुणपणी निघाले तिथे आता त्यांना ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. आपाने सरळ भावाचं घर गाठलं.

"तू चौकशीत येऊन सांग," ती म्हणाली. "एवढंच सांग, की त्यांनी सन्मान नाही केला. उलट तुला नको असताना केलं."

"मी का नको म्हणालो ते विचारतील."

"ते नको सांगूस. तुला आत टाकतील. बाकीचं सांग. जे झालं तेच सांग."

धाकटा भिंतीकडे वळला. "जे झालं तेच सांगेन, आपा. खोटं नाही बोलणार." आपाने त्याच्या केसांवरून हात फिरवला. लहानपणी फिरवायची तसाच.

चौकशीची खोली सातव्या मजल्यावर होती. मोठी काच, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर त्या नर्सचा हसरा फोटो. दवाखान्याच्या प्रमुख बाई मध्ये बसल्या होत्या. बाई चांगल्या होत्या. हेच वाईट होतं. त्यांनी आपासाठी स्वतः उठून खुर्ची सरकवली. त्यांच्या शेजारी एक तज्ज्ञ होता. दहशतवादावर त्याचा अभ्यास होता आणि त्याने बरोबर एक जिना आणला होता, म्हणजे जिन्याचं चित्र. सर्वांत खालच्या पायरीवर श्रद्धा, मग तक्रार, मग एकटेपणा, आणि सर्वांत वर जिहाद. बहुतेक लोक खालीच थांबतात, तो म्हणाला, पण जिना तोच असतो. आयुष्यभर तळघरात काम केलेला चाचा त्या जिन्याकडे बघत राहिला. आपण नक्की कुठल्या पायरीवर उभे आहोत ते त्याला सापडेना.

"तुम्ही त्या माणसाचा सन्मान का केलात?" बाईंनी मऊ आवाजात विचारलं.

"सन्मान नाही केला बाई. अंघोळ घातली."

"फरक सांगाल?"

चाचाने सांगितलं. जितकं सरळ सांगता येईल तितकं सांगितलं. शहिदाला घालत नाहीत, याला घातली, म्हणजे हा शहीद नाही. शहीद म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला दुसरं काही माझ्याकडे नव्हतं, असंही म्हणाला. त्याच्या मानाने हे फारच लांबलचक भाषण होतं.

"म्हणजे काही मेलेल्यांना तुम्ही अंघोळ घालत नाही," तज्ज्ञ म्हणाला.

"नाही."

"कारण ते जिहादात मेलेले असतात."

"खऱ्या जिहादात."

"खऱ्या." तज्ज्ञाने लिहून घेतलं. "म्हणजे खरा जिहाद असतो. कुठला?"

चाचाने नियम सांगितले. बाई, पोर, म्हातारा, झाड, आसरा. एकेक बोट मोजत सांगितले. ते ऐकून समोरच्यांना बरं वाटेल असं त्याला खरंच वाटत होतं.

"आणि हे सगळे नियम पाळून कोणी मारलं, तर चालतं?"

"सगळे पाळले असते तर त्याने गाडी घातलीच नसती."

"मी त्याच्याबद्दल विचारत नाहीये. चालतं का?"

"लढाईत सैनिक सैनिकाला मारतो. तुमच्याकडेही मारतो. त्याला तुम्ही पदक देता."

हे बोलायला नको होतं. खोलीत कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. मग चाचाने सावरायला म्हणून सांगितलं, की जिहाद म्हणजे नुसती लढाईच नाही, जिहाद म्हणजे झटणं, स्वतःशी झटणं, राग गिळणं, जीभ आवरणं, सकाळी अंथरूण सोडणं. तज्ज्ञ समजुतीने हसला. बाहेरच्यांना ते नेहमी हा सौम्य अर्थ सांगतात, तो बाईंना म्हणाला, यावर माझं एक प्रकरणच आहे. म्हणजे चाचा कडक बोलला तेव्हा उघडा पडला होता आणि गोड बोलला तेव्हा लपवत होता. गप्प बसणं तेवढं उरलं होतं, आणि तेही पुढच्याच प्रश्नात अंगाशी आलं.

"प्रेतावर तुम्ही नक्की काय केलंत, काय पाहिलंत, ते क्रमाने सांगा," बाई म्हणाल्या. "म्हणजे गैरसमज राहणार नाही."

"ते सांगता येत नाही."

"का?"

"अंघोळ घालणाऱ्याने मेलेल्याच्या अंगावर जे पाहिलं ते कोणाला सांगायचं नसतं. मी हिलासुद्धा कधी सांगितलेलं नाही." त्याने आपाकडे बोट दाखवलं. "वाईट दिसलं तर झाकायचं."

"एका खुन्याचंही झाकायचं?"

"मेलेल्याचं झाकायचं."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. त्यांची नजर नर्सच्या फोटोकडे गेली ती आपाने पाहिली.

मग धाकट्याला आत बोलावलं. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. त्याला बघून बाई उभ्याच राहिल्या, कारण काही झालं तरी तो मुलगा गमावलेला बाप होता. पाणी हवं का विचारलं. मग विचारलं, त्या दिवशी दारात काय झालं.

"मी त्यांचे पाय धरले."

"कशासाठी? अंघोळ घाला म्हणून?"

"नाही. घालू नका म्हणून."

आपाच्या छातीतलं ओझं उतरलं. बोलला, तिला वाटलं, माझा भाऊ खरं बोलला.

"म्हणजे," बाई अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही बाप असून, तुमच्या मुलाला अंघोळ घालू नका असं तुम्ही यांना सांगितलंत?"

"हो. आदल्या दिवशीही सांगितलं. हात जोडले."

"आणि यांनी ऐकलं नाही."

"नाही ऐकलं. माझे हात सोडवून आत गेले."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तज्ज्ञाने पेन खाली ठेवलं आणि तोही जरासा मान खाली घालून बसला. मग आपाच्या ध्यानात आलं की काय चाललंय. चाचाने मघाशी सांगितलेला नियम त्या खोलीत कोणी खरा धरलाच नव्हता. आतापर्यंत जग समजत होतं, की बाप अंघोळीसाठी गयावया करत होता आणि चाचा ती घालायला गेला. आता जगाला कळलं, की बापाने आपल्या खुनी मुलाला शेवटचं पाणीसुद्धा नाकारलं होतं, इतका तो माणूस म्हणून मोठा होता, आणि या धुलाईवाल्याने बापाला लाथाडून खुन्याची सेवा केली होती. धाकट्याने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. त्याने जे झालं तेच सांगितलं होतं.

"का नको म्हणाला ते विचारा!" आपा ताडकन उठली. "का नको म्हणाला, विचारा त्याला!"

तिच्या मनगटावर चाचाचा हात आला. गरम पाण्याने आणि सोड्याने सोललेला, खरखरीत हात. त्याने इतका जोरात दाबला की तिच्या मनगटात कळ गेली. "तुझा भाऊ आहे," तो पुटपुटला. "आत टाकतील त्याला. बस खाली."

ती बसली. तोंडाशी आलेलं गिळून बसली.

"तुम्हाला सांगायचं नसेल तर सांगू नका," बाई धाकट्याला म्हणाल्या.

धाकट्याने आपाकडे बघितलं, चाचाकडे बघितलं. एका वाक्यात तो चाचाला सोडवू शकत होता आणि त्याच वाक्यात स्वतः अडकला असता. "तो जसा मेला तसाच जावा, असं मला वाटत होतं," तो म्हणाला. हेही खरंच होतं. बाईंनी टेबलाला वळसा घालून त्याचा हात हातात घेतला आणि तो घेऊ देत राहिला.

निकाल लागायला वेळ लागला नाही. चाचाला काढलं आणि मागोमाग परवान्याचं पत्र आलं. धाकट्याचा फोटो पुन्हा छापून आला, या वेळी एकट्याचा. 'ज्याने आपल्या रक्ताला नाकारलं' असं काहीतरी खाली होतं. मेलेल्या मुलीच्या शाळेने त्याला बोलावलं. तो गेला, मागे बसला, टाळ्या वाजल्या तेव्हा उभा राहिला. रस्त्यात लोक त्याचा खांदा थोपटत. वस्तीत मशिदीच्या सेक्रेटरीने त्याला पुढच्या रांगेत जागा दिली, म्हणाला, तुमच्यामुळे आपली मान वर झाली. चाचा आता मशिदीत गेला तर दोन्ही बाजूंची माणसं जराशी सरकून बसत. नळ अर्थातच दुरुस्त झाला होता.

निघायच्या आधीच्या रविवारी दुपारी आपा खोकी बांधत होती. न्यायचं काय आणि टाकायचं काय यावरून ती सकाळपासून भांड्यांवर राग काढत होती. दार वाजलं. धाकटा आत आला आणि खोक्यांच्या मध्ये उभा राहिला. आपाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चाचाने एक खुर्ची मोकळी करून दिली.

"पाणी घे," चाचा म्हणाला. खरंच त्याच्या मनात काही नव्हतं. काही लोक असे असतात, त्यांच्याबरोबर राहणाऱ्याचा जीव जातो.

"भाईजान, मी तुमचे उपकार विसरणार नाही. तुम्ही आपाला बोलू दिलं नाहीत."

"ते जाऊ दे."

"तुम्ही जाणार. परत भेटू न भेटू." धाकटा खुर्चीत पुढे सरकला. त्याचा आवाज लहान झाला. "एक सांगा. फक्त मला सांगा, बाहेर कोणाला कळणार नाही. त्याचा चेहरा कसा होता? हसत होता का? लोक म्हणतात तसे हसतात. आणि गोळ्या... गोळ्या छातीवरच होत्या ना? धावून गेला म्हणतात, समोरूनच लागल्या असणार. एवढंच सांगा. मला झोप लागेल."

चाचाने मान हलवली. "मी सांगत नसतो. तुला माहीत आहे."

"मी बाप आहे त्याचा!"

"म्हणून तर नाही सांगत."

धाकट्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान उमटलं. छातीवर नव्हत्या असं चाचा म्हणाला नाही, यातच त्याला त्याचं उत्तर मिळालं होतं. तो मान डोलावू लागला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटू लागला, आणि ते समाधान आपाने पाहिलं. नवऱ्याची नोकरी गेली होती, तिचं घर खोक्यांत होतं, आणि ज्याच्यामुळे गेलं तो तिच्याच खुर्चीत बसून स्वतःसाठी शहीद घडवत होता. तिच्या मस्तकात तिडीक गेली. भावाला कुठे मारलं की सर्वांत जास्त लागेल हे बहिणीला माहीत असतं.

"पाठीत होत्या," ती म्हणाली.

धाकट्याने वळून पाहिलं.

"सगळ्या पाठीत. तुझा वाघ शेपूट घालून पळत होता. गाडीतून उतरला, समोर पोलीस पाहिला आणि ठोकली धूम. पळता पळता मारला त्याला. कसला धावून जातोय! झुरळाला भिणारं पोर ते. विजार ओली करून मेला तुझा शहीद."

तिला काहीच माहीत नव्हतं. तिने ते शवागार आतून पाहिलंही नव्हतं. तोंडाला येईल ते, जास्तीत जास्त लागेल असं ती फेकत होती, आणि फेकताना तिला बरं वाटत होतं. दोरीचा गुंडा हातात घेऊन ती उभी होती आणि आता चाचा आपल्याला गप्प बस म्हणेल, भावाला म्हणेल हिचं मनावर घेऊ नकोस, याची वाट बघत होती.

चाचाचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

शब्द बाहेर पडले आणि त्याने पटकन तोंडावर हात ठेवला. पोलिसांनी विचारलं, तज्ज्ञाने विचारलं, बाईंनी इतकं गोड विचारलं, त्यात नोकरी गेली, देश गेला, तरी जे सांगितलं नव्हतं ते त्याने आता बापासमोर सांगून टाकलं होतं. आपाच्या हातातून दोरी सुटली. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग भावाकडे.

धाकटा चाचाच्या तोंडावरच्या त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "सगळ्या?"

चाचाने तोंडावरचा हात काढला नाही.

"पळत होता," धाकटा म्हणाला. "घाबरला होता तो. घाबरून पळत होता. कुठे पळत होता? घरीच येत असेल." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो रडायला लागला. शहिदाच्या बापाने रडायचं नसतं, म्हणून इतके दिवस धरून ठेवलं होतं. आता धरायला काही उरलं नव्हतं. खुर्चीतून तो खाली फरशीवर आला, गुडघे पोटाशी घेतले आणि पोराचं लहानपणीचं नाव घेऊन हाका मारू लागला. आपा त्याच्या जवळ गेली, त्याच्या डोक्याला हात लावला, तर त्याने तिचा हात झटकला. तिने पुन्हा लावला. त्याने पुन्हा झटकला. तीही मग तिथेच बसून रडली, भाच्यासाठी, ज्याला तिने भरवलं होतं आणि ज्याला आता तिने दुसऱ्यांदा मारलं होतं.

बऱ्याच वेळाने धाकटा उठला, नाक पुसलं आणि कोणाकडे न बघता गेला. जाताना दार ओढून घेतलं नाही. आपाने उठून लावलं.

चाचा खोक्यांपाशी उभा होता. अंघोळीच्या सामानाचं खोकं त्याने कालच वेगळं बांधून ठेवलं होतं, वर मोठ्या अक्षरांत काळजीपूर्वक लिहून. ते त्याने उचललं आणि टाकायच्या सामानाच्या ढिगावर नेऊन ठेवलं.

"चुकून बोललात तुम्ही," आपा म्हणाली. "मी मुद्दाम बोलले. माझं पाप आहे ते."

"तिकडे गेल्यावर," चाचा म्हणाला, "मी हे काम करायचो ते कोणाला सांगू नकोस."